डावा हात बघा : दगडाची हत्यारं घडवायला शिकताना

आमची आज्जी कराडच्या गल्ल्यांतून "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" ओरडत फिरायची आणि मी मागून टाक्यांची, म्हणजे दगड टोचायच्या छिन्न्यांची, पिशवी घेऊन. कुणी बोलावलं की दारातच बसकण मारायची, पाटा पुढ्यात ओढायचा आणि टकटक सुरू. मी शेजारी बसून बघायची. असं महिनाभर बघितल्यावर एक दिवस तिनं टाकी आणि सुतकी, म्हणजे छोटी हातोडी, माझ्या हातात दिली. दुसऱ्याच घावाला टाकी घसरली आणि पाट्याच्या कडेची बोटभर कपची उडाली. पाटा ज्यांचा होता त्या काकू कडाडल्या. आज्जी एवढंच म्हणाली, "काय बघत हुतीस गं महिनाभर?"

"हातोडी."

"हातोडी काय बघायची? ती खालीच पडणार हाय. डावा हात बघ."

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. पाट्याला टाकी लावून घेणारी घरं उरली नाहीत. पण दर रविवारी मी भाच्याला आणि त्याच्या तीन-चार मित्रांना घेऊन बसते आणि अश्मयुगातल्या माणसासारखी हत्यारं घडवते. आज्जीच्या धंद्यात कपची उडाली की नुकसान. इथं नेमकं उलटं, हवी तिथून, हवी तेवढी कपची उडवणं हेच काम. शिकवताना मात्र तिचंच वाक्य पुरतं.

आधी दगड. आपल्याकडं सगळा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. त्यातला छिद्राछिद्रांचा नको, जांभा तर अजिबात नको. बारीक कणाचा, घट्ट, मुठीपेक्षा थोडा मोठा गोटा घ्या. तो हाताच्या तळव्यावर सैल ठेवून दुसऱ्या गोट्यानं हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर घ्या, भद्द वाजला तर आत चीर आहे, टाकून द्या. मी एकदा हे ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. दगड दिसायला फार देखणा होता. चार तास बसून त्याची हातकुऱ्हाड, म्हणजे मुठीत धरायचं बिनदांड्याचं हत्यार, घडवली आणि शेवटच्या बारीक घावाला मधोमध दोन तुकडे. भाचा म्हणाला, "आत्या, दोन झाल्या की!"

कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या नदीच्या वाळूगोट्यात सापडतात. त्यांची धार काचेसारखी निघते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी असल्याच दगडाची नाजूक पाती काढली होती. पण गारगोटी लहान आणि हट्टी असते, नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

नवख्यासाठी काच. सोड्याच्या जाड बाटलीचं बूड उत्तम. आम्ही बसतो ओगलेवाडीत, जिथं एके काळी प्रभाकर कंदिलाच्या काचा बनायच्या. त्याच गावात काच फोडत बसायचं म्हणजे गंमतच. काचेहून स्वस्त हवं असेल तर भंगारवाल्याकडून फुटका कमोड आणा. हसू नका. चिनी मातीचा तो जाड पांढरा तुकडा एकसारखा फुटतो आणि चुकलात तर जीव हळहळत नाही. (धुऊन घ्या, हे सांगायला नको.)

बसायचं पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर, उघड्यावर, वारा पाठीकडून येईल असं. डाव्या मांडीवर जाड चामडं, खाली ताडपत्री. डोळ्याला गॉगल, डाव्या हाताला चामडी मोजा, तोंडाला चांगला मास्क. दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. खाणीत काम केलेल्या माणसांचा खोकला मी घरातच ऐकला आहे. आणि मोजा नको वाटतो म्हणून एकदा काढला, तेव्हा अंगठ्याच्या बेचक्यात तीन टाके पडले.

आता मुद्द्याचं. गोटा डाव्या हातात धरा आणि कड बघा. वहीचा कोपरा काटकोनी असतो, कडेचा कोन त्याहून कमी हवा. काटकोन किंवा त्याहून मोठा असेल तर कितीही जोर लावा, दगड फुटणार नाही, तुमचं मनगट दुखेल. योग्य कड सापडली की तिच्यापासून फार तर करंगळीच्या नखाएवढं आत, गोल गोट्यानं घाव घाला. कपची वरून उडत नाही, खालच्या बाजूनं सुटते आणि डाव्या हाताच्या बोटांत येऊन पडते. नवखी पोरं वर बघत राहतात, म्हणून त्यांना काय झालं ते कळतच नाही.

पाणी जसं ओघळीनं वाहतं, तसा घाव दगडाच्या उभ्या कण्यानं, म्हणजे उंचवट्याच्या रेषेनं, जातो. खालच्या बाजूला उंचवटा असेल त्याच्या बरोबर वर मारलंत तर लांब कपची निघते. सपाटीवर मारलंत तर आखूड, पंख्यासारखी. पहिल्या कपचीनं तिच्या दोन्ही कडांना नवे कणे तयार होतात, पुढचे घाव त्यांच्यावर. म्हणजे एक घाव घालताना पुढच्या दोन घावांची सोय बघायची.

म्हणूनच डावा हात. शिकवणाऱ्याचा उजवा हात सगळ्या वेळा सारखाच खाली येतो. डावा मात्र दर घावानंतर दगड उलटतो, थोडा कलता करतो, अंगठ्यानं कड चाचपतो. मग दुसऱ्या खरबरीत दगडानं ती कड घासून बोथट करायची. हे पोरांना पटत नाही. "धार काढायचीय ना, मग बोथट कशाला?" पण पातळ कड घावाखाली चुरगळते आणि सगळा जोर तिथंच मरतो. मी एकदा माझे घाव मोजायला भाच्याला बसवलं होतं. अर्ध्या तासात घाव चाळीसच भरले, बाकी सगळं फिरवणं आणि घासणं.

नुसतं बघून कितपत येतं? याचा एक मोठा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. १८४ जणांना वेगवेगळ्या पद्धतीनं शिकवून त्यांच्या सहा हजारांवर कपच्या तपासल्या. नुसतं बघणाऱ्यांत फारशी सुधारणा नव्हती. हातवारे करून किंवा बोलून शिकवलं तेव्हा कपच्या खऱ्या सुधारल्या. मला याचं नवल वाटलं नाही. आज्जीनंही महिनाभर नुसतं बघू दिलं, त्याचं फळ काकूंच्या पाट्याला मिळालं. नंतर तिनं मागून माझं मनगट धरून टाकी कलती केली, तेव्हा कुठं मला समजलं. त्यामुळं मी पोरांचं मनगट धरते आणि तीनच शब्द वापरते : "कलतं" म्हणजे दगड कलता कर, "कडेला" म्हणजे फार आत मारू नको, आणि "सोड". हा "सोड" सगळ्यात अवघड. घाव बसला की हात आखडतो, तो आखडू द्यायचा नाही, घाव पुढं जाऊ द्यायचा. आखडला की कपची अर्ध्यातच तुटते आणि दगडावर पायरी राहते. त्याच जागी पुन्हापुन्हा मारून पायरी निघत नाही, आणखी एक पायरी तयार होते. दगड फिरवा आणि समोरच्या कडेनं या.

अमेरिकेत कान्झी नावाच्या बोनोबोलाही (चिंपांझीचा भाऊबंद असलेलं वानर) संशोधकांनी कपच्या काढून दाखवल्या होत्या. त्यानं थोडं बघितलं आणि पुढं स्वतःचीच युक्ती काढली, दगड कडक फरशीवर आपटायचा! कोन बघायचा तो कधी नीट शिकला नाही. आमच्यातल्या एका पोराचा पहिला रविवार असाच गेला, फरशी आमची होती.

पहिले काही रविवार फक्त कपच्या काढा. धारदार कपचीनं भेंडी चिरून बघा, चक्क चिरते. हातकुऱ्हाडीचा नाद त्यानंतर, आणि तिला महिने लागतात. ही आपली कृष्णा पुढं कर्नाटकात जाते, तिथं तिच्या खोऱ्यात इसामपूरला डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या सरांना सुमारे बारा लाख वर्षांपूर्वीची कामाची जागा सापडली. चुनखडीच्या फरश्या, हातोडे, कपच्या, अर्धवट सोडलेली हत्यारं, सगळं तिथल्या तिथं. ती अर्धवट सोडलेली हत्यारं मला फार जवळची वाटतात.

तुम्हाला शेतात किंवा ओढ्यात जुनं हत्यार दिसलं तर उचलू नका. जागेचा फोटो काढा आणि जवळच्या पुरातत्त्व खात्याला किंवा संग्रहालयाला कळवा. आणि आपल्या कपच्या नदीकाठी अजिबात टाकू नका, उद्या कुणी संशोधक त्यांच्यावर निबंध लिहील. आम्ही परसात खड्डा केलाय. दर रविवारचा चुरा त्यात ओततो, आणि वर्षाच्या शेवटी वर त्या सालचं एक रुपयाचं नाणं टाकतो.