भाचीच्या लग्नाची फुलं आणि उन्हाळा

भाची खानापूरच्या जंगलात भटकणारी, अबोल; जावई भातशेती करणारा. बेळगावातल्या मांडववाल्यानं जर्बेरा आणि ऑर्किडची कमान सुचवली. ती मला दोघांचीही वाटेना. मग मीच बसले: मुंडावळ्यांत अबोली, कमानीला आंब्याच्या डहाळ्या, रानातलं नेचं आणि सुगीला सावलीत वाळवून ठेवलेल्या भाताच्या लोंब्या. लोंब्या बघून जावयाच्या आईचे डोळे भरून आले.

पण आठ दिवस आधी केलेला नमुना दुपारपर्यंतच मान टाकून बसला. नेचं तर कुरकुरीत झालं. चूक माझीच होती. कोरड्यातच देठ कापले आणि वर पंखा लावला. वाऱ्यानं पानांतलं पाणी उडत राहिलं आणि देठात हवा शिरल्यानं वर पाणी चढेना.

दुसऱ्या खेपेला संध्याकाळी डहाळ्या आणल्या, देठ पाण्यात बुडवूनच तिरके कापले, खालची पानं काढली आणि रात्रभर बादलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवलं. अबोलीचे गजरे केळीच्या पानात गुंडाळले. नेचं मात्र मुहूर्ताच्या तासभर आधीच बांधलं. अक्षता पडल्या तेव्हा कमान हिरवीगार होती, भाची तिच्याखाली हसत उभी होती.