गाडीला डिफेक्ट नोटीस लागली तर काय कराल? मेलबर्न आणि व्हिक्टोरियातल्या गाडीवाल्यांसाठी

मेलबर्नला नव्याने आलेली आपली मुलं पहिली गाडी घेतात ती बहुधा सेकंडहँड, आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांवर आधीच्या मालकाने हात फिरवलेला असतो. सस्पेन्शन खाली बसवलेलं, चाकं रुंद, काचा काळ्या, एक्झॉस्टचा आवाज गल्लीभर. विकणारा ठामपणे सांगतो की सगळं कायदेशीर आहे. मग एखाद्या रात्री पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात, टॉर्च मारून खालून-वरून बघतात, बॉनेट उघडायला सांगतात आणि काचेवर स्टिकर चिकटवून हातात एक कागद देतात. ती डिफेक्ट नोटीस. घाबरून जायचं कारण नाही, पण तिच्याकडे साध्या दंडाच्या पावतीसारखं बघू नका. दंड भरला की पावतीचा विषय संपतो. नोटीस मात्र गाडी नियमात बसेपर्यंत गाडीला चिकटून राहते.

पहिली पायरी: रस्त्याच्या कडेला

लायसन्स दाखवा, सांगतील ते करा, हुज्जत घालू नका. "हे मी केलेलं नाही, गाडी अशीच घेतली" हे खरं असलं तरी त्याने सुटका होत नाही. गाडी रस्त्यावर ज्याने आणली त्याची जबाबदारी. जागच्या जागी पैसे देऊन मिटवायचा विचारही मनात आणू नका, इथे तो सरळ लाच देण्याचा गुन्हा ठरतो.

त्याऐवजी शांतपणे चार गोष्टी विचारून घ्या: नेमके दोष कोणते, दोष किरकोळ म्हणून नोंदवलाय की गंभीर म्हणून, गाडी कधीपर्यंत आणि कुठवर चालवता येईल, आणि नोटीस उठवायला कोणता दाखला लागेल. गाडी आईवडिलांच्या नावावर असेल आणि त्यांना इंग्रजीत बोलणं जड जात असेल, तर पुढे कार्यालयांशी बोलताना १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेवर मराठी दुभाषा मागता येतो.

दुसरी पायरी: कागद नीट वाचा

लाल स्टिकर म्हणजे गंभीर दोष. नोटिशीत लिहिलेल्या वेळेनंतर गाडी रस्त्यावर आणायची नाही. बऱ्याचदा तिथूनच टो करून न्यावी लागते. पिवळा स्टिकर म्हणजे किरकोळ दोष, त्यात दुरुस्तीसाठी मुदत मिळते. इथले जुने लोक पिवळ्या स्टिकरला 'कॅनरी' म्हणतात, गॅरेजमध्ये हाच शब्द कानावर पडेल. स्टिकर कोणताही असो, तो स्वतः खरवडून काढू नका.

सोबत दंडाची वेगळी नोटीस आली असेल तर ती वेगळीच हाताळा. दंड भरल्याने डिफेक्ट उठत नाही आणि डिफेक्ट उठल्याने दंड माफ होत नाही. मुदत टळली तर रजिस्ट्रेशन निलंबित होऊ शकतं, म्हणून तारीख त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का ते बघणारी तपासणी; तिची वेळ मागितल्या दिवशी मिळेलच असं नाही.

तिसरी पायरी: गॅरेजला जाण्याआधी स्वतः मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग मेकॅनिक सांगेल ते खर्च करत बसतात. नोटिशीत पोलिसांनी जे पाहिलं तेच लिहिलेलं असतं. तपासणीत मात्र पूर्ण गाडी बघतात, त्यामुळे न लिहिलेला दोषही तिथे आडवा येतो. एक टेप, एक वही आणि अर्धा तास पुरे.

आधी गाडीची उंची. चाकांच्या जवळपास गाडीचा कुठलाही भाग जमिनीपासून १०० मिलिमीटरपेक्षा खाली नको. बरोबर १०० मिलिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा कापून घ्या आणि सपाट जमिनीवर गाडीखाली सरकवून बघा. एक्झॉस्टच्या पाइपला किंवा पुढच्या बंपरच्या खालच्या लिपला अडला तर तो दोष तुम्हाला सापडला. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली असेल तर मोजत बसू नका, ते बदलावंच लागेल. उंच केलेल्या फोर-व्हील-ड्राइव्हचं गणित उलटं: टायर आणि सस्पेन्शन मिळून ५० मिलिमीटरपर्यंतची वाढ साधारणपणे दाखल्याशिवाय चालते, त्यापुढे इंजिनियरचा दाखला लागतो.

मग टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांत टायरच्या मापांची पट्टी असते. समजा कोरोलासारख्या गाडीच्या पट्टीवर २०५/५५ आर १६ लिहिलंय. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, आणि १६ इंचांची रिम. म्हणजे टायरचा व्यास साधारण ६३२ मिलिमीटर. आता गाडीला प्रत्यक्षात २२५/४५ आर १८ बसवलेत असं धरा, त्यांचा व्यास येतो सुमारे ६६०. साध्या कारला मूळ मापांतल्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा १५ मिलिमीटरपर्यंतच मोठा व्यास चालतो. इथे फरक २८ च्या घरात, म्हणजे चाकं बदलणं आलं. तेच २२५/४५ आर १७ असते तर व्यास ६३४ आला असता आणि या मुद्द्यावर हरकत राहिली नसती. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतंय का तेही वरून बघा. रिम आणि हबच्या मध्ये नंतर घातलेले स्पेसर असतील तर ते काढावे लागतील.

काचांचं म्हणाल तर पुढच्या दोन्ही दारांच्या काचांमधून किमान ३५ टक्के प्रकाश आत यायला हवा. डोळ्यांनी अंदाज बांधू नका. कंपनीच्या मूळ काचेतही थोडा रंग असतो, त्यावर फिल्म चढली की आकडा आणखी खाली येतो. टिंट लावणाऱ्याकडे मीटर असतो, मोजून घ्या.

एक्झॉस्टच्या बाबतीत नोव्हेंबर १९८३ नंतर बनलेल्या कारला गाडी उभी ठेवून केलेल्या आवाजाच्या चाचणीत ९० डेसिबलची मर्यादा आहे. अलीकडच्या गाड्यांना याहून कडक नियम लागतो: त्या मॉडेलच्या मूळ चाचणीत नोंदलेला आकडा आणि वर ५ डेसिबल. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर आवाज कमी असूनही गाडी पास होणार नाही. आवाजाची नोटीस पर्यावरण खात्याकडून, म्हणजे ईपीएकडून आली असेल तर तपासणी त्यांनी मान्य केलेल्या आवाज-तपासनिसाकडेच करावी लागते. नेहमीचा रोडवर्दीवाला तिथे उपयोगाचा नाही.

हॅलोजन बल्बसाठी बनलेल्या दिव्यांमध्ये घुसवलेले एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन) बल्ब सर्रास सापडतात. मूळ बल्ब स्वस्त मिळतात, लगेच परत लावा.

चौथी पायरी: काढायचं की प्रमाणित करून घ्यायचं?

यादी हातात आली की प्रत्येक बदलापुढे हा निर्णय लिहा. माझं मत स्पष्ट आहे: ज्या बदलाची तुम्हाला रोज गरज नाही तो काढून टाका. मूळ स्प्रिंग, मूळ चाकं, मूळ मफलर भंगारवाल्या यार्डात मिळतात, आणि प्रमाणपत्राच्या वाटेपेक्षा ते जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

इंजिन बदललंय, टर्बो बसवलाय, सस्पेन्शन मर्यादेबाहेर गेलंय, आणि ते तुम्हाला ठेवायचं आहे, तर 'व्हास' (बदललेल्या गाड्यांना दाखला देण्याची व्हिक्टोरियातली योजना) मधल्या मान्यताप्राप्त इंजिनियरकडे जा. बदल राष्ट्रीय नियमावलीत बसतो का हे तो तपासतो आणि बसला तर दाखला देतो. त्याने हिरवा कंदील दाखवण्याआधी एक डॉलरही सुट्या भागांवर घालू नका. काही बदलांना तो साफ नकार देईल, तिथे वाद घालून उपयोग नाही. इंजिनियरचा दाखला आणि रोडवर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटिशीत दोन्ही मागितल्या असतील तर दोन्ही लागतील.

पी-प्लेटवाल्यांनी, म्हणजे नवं प्रोबेशनरी लायसन्स असलेल्यांनी, इथे जास्त सावध राहायला हवं. व्हिक्टोरियात प्रोबेशनरी लायसन्सवर टनामागे १३० किलोवॉटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालत नाही, आणि ताकद वाढवण्यासाठी इंजिनमध्ये केलेला बदलही चालत नाही. व्हासचा दाखला असला तरी ही बंदी उठत नाही.

पाचवी पायरी: तपासणी आणि नोंद

रोडवर्दीचा दाखला फक्त परवानाधारक तपासनीसच देऊ शकतो. त्याला नोटिशीची प्रत आधी दाखवा आणि दुरुस्तीच्या पावत्या सोबत न्या. लाल स्टिकर असेल तर नोटिशीत परवानगी लिहिलेली असल्याशिवाय गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

दाखला मिळाला म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण घरी जातात. तो दाखला नोटिशीत सांगितलेल्या पद्धतीने जमा करून व्हिकरोड्सच्या, म्हणजे व्हिक्टोरियात गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या संस्थेच्या, नोंदीतून डिफेक्ट उठला पाहिजे. उठल्याची पोच मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी गाडी अडवली गेली तर हाच कागद दाखवता येईल.

तपासणीपुरते मूळ भाग लावायचे आणि नंतर पुन्हा बदललेले चढवायचे, असा सल्ला गॅरेजच्या आसपास हमखास मिळतो. कृपया तो ऐकू नका. त्याच गाडीला पुन्हा नोटीस लागते, हा झाला पैशाचा भाग. कापलेल्या स्प्रिंगवर ब्रेक मारताना गाडी कुठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि त्या गाडीत मागच्या सीटवर आपलीच माणसं बसलेली असतात.

नोटीस चुकीची वाटली तर

असं होतं. कंपनीनेच दिलेलं सस्पेन्शन 'बदललेलं' म्हणून लिहिलं जाऊ शकतं. अशा वेळी मोजमापाचे फोटो काढा, तपासनिसाकडून किंवा व्हासच्या इंजिनियरकडून लेखी मत घ्या. सोबतच्या दंडाबद्दल अंतर्गत फेरविचार मागता येतो किंवा प्रकरण मॅजिस्ट्रेट कोर्टात नेता येतं. दोन्हींची मुदत दंडाच्या कागदावर असते. मात्र वाद चालू आहे म्हणून डिफेक्टची तारीख पुढे जात नाही.

सिडनी किंवा इतर राज्यांत असाल तर

रीत अशीच, नावं वेगळी. न्यू साउथ वेल्समध्ये इंजिनियरच्या दाखल्याची योजना व्हीएससीसीएस नावाने चालते आणि रोजच्या बोलण्यात 'पिंक स्लिप' (सुरक्षा तपासणीचा अहवाल), 'ब्लू स्लिप' (नोंदणीसाठीची तपासणी) असे शब्द येतात. आपल्या नोटिशीवर ज्या दाखल्याचं नाव आहे तोच घ्या, मित्राला दुसऱ्या राज्यात काय लागलं होतं ते विचारून उपयोग नाही.

सगळं मार्गी लागलं की विमा कंपनीला फोन करा. गाडीत जो बदल ठेवलाय तो त्यांना सांगून पॉलिसीत लेखी नोंदवून घ्या, कारण न सांगितलेल्या बदलावरून अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणि पुढची सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा तो लाकडी ठोकळा आणि टेप सोबत न्या. मालकाने गाडीखाली बघू दिलं नाही तर ती गाडी घेऊ नका.