'हार्बर' हा इंग्रजी शब्द अर्थ आणि उपयोगासह कसा शिकावा

कोकण किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला 'हार्बर' म्हणजे बंदर हे सहसा सांगावे लागत नाही. मुंबईच्या हार्बर लाइनमुळे तो शब्द घराघरांत पोहोचलेला असतो आणि मिरकरवाडा, हर्णै, देवगड ही नावे तर रोजच्या बोलण्यातलीच असतात. अडचण येते ती बारावीच्या उताऱ्यात 'शी हार्बर्ड अ ग्रज अगेन्स्ट हर ब्रदर' असे वाक्य समोर आल्यावर. तेथे बंदर कसे बसवायचे हे न कळल्याने विद्यार्थी वाक्य सोडून देतो किंवा ओढूनताणून काहीतरी लिहितो. म्हणून वहीत 'हार्बर – बंदर' एवढी नोंद करून थांबू नये. हा शब्द क्रियापद म्हणून आला की कोणकोणती कर्मे घेतो आणि कोणती घेत नाही, हे समजून घेण्यात या शब्दाचा निम्म्याहून अधिक अभ्यास आहे.

सुरुवात मुळापासून करावी, कारण येथे मूळ खरोखरच उपयोगी पडते. जुन्या इंग्रजीतील 'हेरेबेओर्ग' या शब्दात 'हेरे' म्हणजे सैन्य आणि 'बेओर्ग' म्हणजे आसरा. सैन्याने मुक्काम करावा अशी जागा, हा त्याचा पहिला अर्थ. पुढे तो कोणत्याही मुक्कामाच्या जागेला लागू झाला आणि त्यानंतर जहाजांच्या निवाऱ्याला. जर्मन भाषेतील 'हेरबेर्गे' आणि फ्रेंचमधील 'ओबेर्ज' हे याच कुळातील शब्द आजही पांथस्थांच्या उतरण्याच्या जागेसाठी वापरले जातात. म्हणजे शब्दाच्या गाभ्यात समुद्र नसून आसरा आहे. समुद्र खवळून बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की 'परराज्यांतील नौका देवगड बंदरात आश्रयाला' अशी बातमी आपल्याकडे छापून येते; त्या बातमीतील 'आश्रयाला' हा शब्द लक्षात ठेवला, तर 'हार्बर'चे पुढचे सर्व अर्थ त्यातून निघतात.

नाम म्हणून वापरताना एकच फरक सांभाळावा लागतो. मराठीत बंदर हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी चालतो, इंग्रजीत मात्र 'हार्बर' आणि 'पोर्ट' वेगळे आहेत. वारा आणि लाटा यांपासून सुरक्षित असलेले पाणी, मग ते खाडीच्या मुखाशी निसर्गतः मिळालेले असो किंवा समुद्रात भिंत घालून तयार केलेले असो, ते 'हार्बर'. जेथे माल चढतो-उतरतो, प्रवासी ये-जा करतात आणि जकातीची व्यवस्था असते, ते 'पोर्ट'. जयगडला कोळशाचे जहाज लागते तेव्हा आपण 'पोर्ट'विषयी बोलत असतो. वादळात मच्छीमार नौका शिरतात त्या देवगडच्या पाण्याविषयी बोलताना 'हार्बर' म्हणावे. एकाच ठिकाणी दोन्ही असू शकतात, हे अर्थात खरे.

क्रियापदाचा पहिला उपयोग माणसासंबंधी आहे आणि त्याला कायद्याचा वास आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 212 मध्ये गुन्हेगाराला आश्रय देण्याच्या गुन्ह्यासाठी हाच शब्द होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. तेथे 'हार्बर' करणे म्हणजे केवळ छप्पर देणे नव्हे; अटक टळावी म्हणून अन्न, पैसा, कपडे किंवा वाहन पुरवणे हेही त्यात येते. त्यामुळे गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला आपण आठ दिवस घरी ठेवून घेतो, त्यासाठी हे क्रियापद वापरू नये. वापरल्यास पोलीस त्या बिचाऱ्याच्या मागावर आहेत, असा वाचणाऱ्याचा समज होईल. संकटात सापडलेल्या निरपराध माणसाला निवारा दिला असेल, तर 'शेल्टर' हे क्रियापद योग्य.

दुसरा उपयोग मनासंबंधी आहे आणि परीक्षेत तसेच वर्तमानपत्रात बहुधा हाच भेटतो. 'ग्रज', 'डाउट', 'सस्पिशन', 'रिझेंटमेंट', 'अँबिशन', 'होप' ही याची नेहमीची कर्मे. मराठीत आकस बाळगणे, मनात अढी धरणे, शंकेला थारा देणे असे आपण म्हणतो. त्यांतील 'थारा' तर या क्रियापदाच्या इतका जवळ आहे की भाषांतर करताना प्रथम तोच आठवून पाहावा. यात दोन छटा असतात: ती भावना बराच काळ टिकलेली असते आणि ती बहुधा उघड बोलून दाखवलेली नसते. मासळीच्या लिलावात भावावरून दोघांची तेथल्या तेथे बाचाबाची झाली, तर तो राग 'हार्बर' केलेला नव्हे. त्याच दोघांनी पुढचा हंगामभर एकमेकांशी बोलणे टाकले, तर मात्र हे क्रियापद चपखल बसते. आनंद, समाधान, कृतज्ञता यांच्याबरोबर ते जात नाही. 'आय हार्बर नो इल्यूजन्स' ही नकारार्थी रचना विशेष प्रचलित आहे. आपण कोणत्याही भ्रमात नाही, असा तिचा अर्थ. हे क्रियापद लेखी वळणाचे आहे; बोलताना इंग्रज माणूस बहुधा 'होल्ड अ ग्रज' म्हणेल.

तिसरा उपयोग जागेसंबंधी. पावसाळ्यात परसात पडलेल्या करवंट्यांत पाणी साचून डासांच्या अळ्या होतात, तेव्हा 'कोकोनट शेल्स हार्बर मॉस्किटो लार्व्ही' असे लिहिता येते. खाडीकाठची कांदळवने खेकड्यांना आणि माशांच्या पिलांना आसरा देतात, तेथेही हेच क्रियापद चालते आणि तेव्हा त्याला वाईट छटा नसते.

अभ्यास करताना इंग्रजी-मराठी कोशावर न थांबता परकीय विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडावा. लाँगमनच्या 1978 च्या कोशापासून सुमारे 2000 सोप्या शब्दांतच व्याख्या देण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे व्याख्या समजत नाही ही सबब आता फारशी टिकत नाही. व्याख्येआधी उदाहरणे वाचावीत आणि प्रत्येक उदाहरणातील कर्माखाली रेघ मारावी. मग वहीच्या डाव्या बाजूला मराठी वाक्प्रयोग आणि उजव्या बाजूला पूर्ण इंग्रजी वाक्य लिहावे. सुटा शब्द लिहू नये. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने उजवी बाजू झाकून वाक्य आठवावे. हे कंटाळवाणे आहे, पण नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. हे क्रियापद सकर्मक आहे, म्हणून त्याच्यामागे लगेच 'अबाउट' जोडू नये. 'हार्बर अ डाउट अबाउट' बरोबर, 'हार्बर अबाउट' चूक.

स्पेलिंग भारतीय आणि ब्रिटिश पद्धतीने ओ-यू-आर असे संपते. अमेरिकेत त्यातील यू गळतो. म्हणून 7 डिसेंबर 1941 रोजी हल्ला झालेल्या पर्ल हार्बरचे नाव लिहिताना यू घालू नये, कारण ते विशेषनाम आहे.

एवढे पक्के झाल्यावर 'हार्बिंजर' हा शब्द जवळजवळ फुकट मिळतो. पुढे जाऊन मुक्कामाची सोय करणारा माणूस, हा त्याचा जुना अर्थ. त्यावरून पुढे येणाऱ्या गोष्टीची आधी वर्दी देणारा, हा आजचा. जूनच्या तोंडावर 'पेरते व्हा' ओरडणाऱ्या पावशाला 'द हार्बिंजर ऑफ द मान्सून' म्हणता येते. मात्र येथे 'ऑफ'च हवा, 'फॉर' चालत नाही.