कॅन्सरची पेशी किती पळते, लॅबमध्ये कसं बघायचं

राजारामपुरीत चहा पिताना ज्युनिअरनं विचारलं, म्हणून लिहितोय. ६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशी गच्च भरू द्यायच्या, आम्ही एमडीए-एमबी-२३१ घेतो, स्तनाच्या कॅन्सरच्या, लई पळतात. मग पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या टिपनं मधोमध एकच सरळ रेघ ओढायची, टिप उभी धरून, हात थरथरला की कडा फाटतात आणि पुढचं सगळं मोजमाप बोंबलतं (माझी पहिली रेघ रंकाळ्याच्या काठासारखी वाकडीतिकडी झालेली). पीबीएसनं (पेशींना चालणारं खारट पाणी) हळू धुवायचं, मग कमी सीरमचं मीडियम (पेशींचं पातळ खाद्य, सीरम म्हणजे त्यातला वाढीचा खुराक) आणि जे तपासायचंय ते औषध. तुलनेसाठी एका वेलमध्ये औषध न घालता, ते ज्यात विरघळवलंय तेवढंच घाला.

० आणि २४ तासांनी त्याच जागेचा फोटो, म्हणून प्लेटखाली मार्करनं खूण करा, हे सगळेच विसरतात. इमेजजेमध्ये (फोटो मोजायचं सॉफ्टवेअर) रेघेची रिकामी जागा मोजा, पेशी पळत येऊन ती जेवढी भरतील तेवढ्या त्या पळाल्या.

आता खरी गोम: रेघ भरली नाही म्हणजे पेशी थांबल्याच असं नाही, मेल्या असतील किंवा वाढल्याच नसतील, त्यामुळं सोबत एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत ते बघायची टेस्ट) लावाच. आणि लगेच घरी "कॅन्सरवर औषध सापडलं" सांगत सुटू नका राव, मारिमास्टॅट नावाचं औषध पण कॅन्सर पसरणं रोखायलाच होतं, लॅबमध्ये आशा दाखवली आणि पेशंटवरच्या मोठ्या ट्रायल्समध्ये आपटलं.