दाताचा ब्रिज लवकर खराब का होतो? या चुका टाळा

"डॉक्टर, ब्रिज किती वर्षं चालेल?" असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा ब्रिजचीच काळजी असते. ब्रिज म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी बसवलेला खोटा दात, जो शेजारच्या दातांवर घातलेल्या कॅपना जोडलेला असतो. तुटेल का, पिवळा पडेल का, मटणाचं हाड चावलं तर काय. आणि क्लिनिकमध्ये आम्हाला दिसतं ते नेमकं उलटं, म्हणजे ब्रिज एकदम ठणठणीत आणि तो ज्या दातांवर बसवलाय ते आतून कुजलेले. ब्रिज ज्याचा बनतो त्या पोर्सेलिनला कीड लागत नाही हो, झिरकोनियाला पण नाही. कीड लागते ती खालच्या खऱ्या दाताला, आणि तीसुद्धा कॅपची कड जिथे संपते तिथे, हिरडीला लागून. ब्रिजचं आयुष्य बहुतेक वेळा त्या एका रेषेवर ठरतं.

आकडा हवाच असेल तर साधारण 10 ते 15 वर्षं धरून चाला. 2004 साली बऱ्याच अभ्यासांचा मिळून एक आढावा निघाला होता, त्यात 10 वर्षांनी सुमारे 89 टक्के ब्रिज तोंडात टिकून होते. दोन्ही बाजूंनी आधार नसलेला, एकाच बाजूला लटकवलेला ब्रिज मात्र त्यापेक्षा कमी टिकतो. म्हणून "एकच दात पडलाय मग तीन दातांचे पैसे कशाला, एकालाच जोडून द्या ना" असा हट्ट धरू नका, विशेषतः दाढेच्या बाबतीत. मधला खोटा दात चावताना जे वजन घेतो ते शेवटी शेजारचे दोघंच उचलतात.

आता वॉरंटी कार्ड. झिरकोनिया घेतलं की कार्ड मिळतं, 10 वर्षं, 15 वर्षं लिहिलेलं, लोक ते सोन्याच्या पावतीसारखं जपून ठेवतात आणि मग दातांकडे बघतच नाहीत. अहो ती वॉरंटी लॅबमध्ये बनवलेल्या वस्तूची आहे. खालचा दात किडला, हिरडी सुजून दात हलायला लागला, तर ते कार्ड सहसा काही कामाचं नाही, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या अटी एकदा वाचून बघा.

सगळ्यात मोठी चूक: खालून साफच न करणं

ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे साधा फ्लॉस वरून आत जातच नाही. लोक एकदा ट्राय करतात, अडकतो, सोडून देतात. मग त्या खोट्या दाताच्या खाली भाताची शितं, मेथीची पानं, चपातीचा लगदा साठत राहतो आणि काही महिन्यांनी घरातलं कोणीतरी सांगतं की तोंडाला वास येतोय.

यासाठी सुपरफ्लॉस नावाचा प्रकार मिळतो. त्याचं एक टोक कडक असतं, मधला भाग स्पंजसारखा फुगीर आणि पुढे साधा दोरा. कडक टोक गालाच्या बाजूने खोट्या दाताच्या खाली सरकवायचं, जिभेच्या बाजूने बाहेर ओढायचं, मग तो फुगीर भाग हिरडी आणि खोट्या दाताच्या मधे हलक्या हाताने पुढेमागे फिरवायचा. एवढ्यावर थांबू नका, दोन्ही बाजूंच्या आधाराच्या दातांना तो दोरा टेकवून कडेला पण घासा, कारण खरा धोका तिथेच आहे. झालं की एका बाजूने सरळ ओढून काढायचा. पहिले काही दिवस आरशासमोर वैताग येतो, नंतर टीव्ही बघता बघता होतं. रात्री एकदा केलं तरी पुरे. सुपरफ्लॉस जमतच नसेल, हात थरथरतात, वय झालंय, तर छोटा इंटरडेंटल ब्रश वापरा, फक्त साइज डॉक्टरांकडून ठरवून घ्या, जबरदस्तीने घुसवायचा नाही. पाण्याच्या फवाऱ्याचं मशिन पण चालतं, पण चिकटलेला थर नुसत्या पाण्याने नीट जात नाही, ते मदतीला ठेवा.

ब्रश सॉफ्टच हवा आणि हिरडीकडे थोडा तिरका धरायचा. मशेरी, कोळसा, खरखरीत दंतमंजन बंद. मशेरीत तंबाखूच असते, ती हिरडी खराब करते, हिरडी खाली सरकली की कॅपची कड उघडी पडते आणि तिथून पुढचं सगळं सुरू होतं. डायबेटिस असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्या, साखर वर गेली की हिरड्यांचा आजार पटकन वाढतो.

अर्धवट सुटलेला ब्रिज

पूर्ण निघालेला ब्रिज परवडला, कारण माणूस घाबरून लगेच येतो. एका बाजूचं सिमेंट सुटलेलं आणि दुसऱ्या बाजूने घट्ट धरलेलं, हे जास्त वाईट. ब्रिज जागेवर वाटतो, दुखत पण नाही, आणि प्रत्येक घासाला सुटलेली बाजू जराशी वर होऊन लाळ आणि अन्न आत शोषलं जातं. त्या दाताचं रूट कॅनल झालेलं असेल तर संपलंच, नस नसल्यामुळे दात आतून पोखरला तरी ठणकत नाही. अशा पेशंटचा ब्रिज काढल्यावर जो वास येतो तो आमच्या असिस्टंटला विचारा. आत तपकिरी, मऊ, चमच्याने खरवडून निघेल असा दात राहिलेला असतो आणि तेव्हा बहुतेक तो काढावाच लागतो.

घरी ओळखायचं कसं, तर ब्रिजवर बोटाने दाबा आणि सोडा. कडेने बारीक बुडबुडे आले, घाण चव आली, दाबल्यावर किंचित हलल्यासारखं वाटलं, किंवा अचानक त्याच बाजूला गोड किंवा थंड झोंबायला लागलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. "दुखत नाहीये ना, मग बघू दिवाळीनंतर" हे करू नका.

पूर्ण निघून हातात आला तर धुऊन छोट्या डबीत ठेवा, टिश्यूत गुंडाळू नका, तो टिश्यू हमखास केराच्या डब्यात जातो. आणि कृपा करून फेविक्विक लावू नका! दरवेळी कोणीतरी लावून येतंच. एक तर ते तोंडात वापरायची गोष्ट नाही, हिरडीला भाजल्यासारखं होतं, वर ब्रिज वाकडा चिकटला की तो कापूनच काढावा लागतो, म्हणजे जो ब्रिज धुऊनपुसून परत बसवता आला असता तो गेला. तात्पुरता अडकवून जेवू नका, झोपू तर अजिबात नका, झोपेत गिळला किंवा श्वासनलिकेत गेला तर वेगळीच धावपळ. एकदोन दिवसांत डॉक्टरकडे पोचा, कारण उघडे दात सरकले की तोच ब्रिज परत बसत नाही.

नवीन बसवल्यावर

बसवताना भूल दिलेली असेल तर चावा नीट कळत नाही. घरी गेल्यावर वाटतं की तिथेच आधी टेकतंय. "सवय होईल" म्हणून बसू नका, परत जा, डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन उंच जागा घासून देतात, पाच मिनिटांचं काम. नाही केलं तर चावताना दात दुखायला लागतो, पोर्सेलिनचा टवका उडतो. थंड-गरम थोडं लागणं काही दिवस चालतं, पण रात्री आपोआप ठणका मारणारा दात म्हणजे नस दुखावलीय. त्यासाठी ब्रिज फोडावाच लागतो असं नाही, बऱ्याचदा कॅपला वरून छोटं भोक पाडून रूट कॅनल होतं आणि भोक बुजवतात.

टेम्पररी ब्रिज असताना तर चिकट काही नकोच. तिळाची वडी, चिक्की, चॉकलेट, च्युइंगम, सगळं नंतर. त्याचं सिमेंट मुद्दामच कच्चं असतं, आणि फ्लॉस करताना वर ओढलं तर तो दोऱ्याबरोबर येतो.

दात काढल्या काढल्या पक्का ब्रिज करून द्या अशी घाई पण नको. काढलेल्या जागेची हिरडी आणि हाड पहिले काही महिने बसत जातं, त्यामुळे घाईत केलेल्या ब्रिजखाली नंतर फट दिसते. सहसा दोनतीन महिने थांबतात, पुढचा दात असेल तर तेवढे दिवस टेम्पररी लावून देतात.

बाकी छोट्या गोष्टी. सुपारी फोडणं, ऊस सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं हे ब्रिजने करायचं नाही (खऱ्या दातांनी पण नाही, पण ते कोण ऐकतं). झोपेत दात खात असाल तर नाईट गार्ड करून घ्या, झिरकोनिया तुटणार नाही कदाचित पण समोरचा खरा दात झिजेल किंवा आधाराच्या दाताला चीर जाईल. मेटल-सिरॅमिकच्या ब्रिजला काही वर्षांनी हिरडीपाशी काळी रेष दिसली तर घाबरू नका, बऱ्याचदा ती आतल्या धातूची कड असते. तरी कीड नाही ना हे तपासून घ्या, कारण नुसतं बघून दोन्ही सारखंच वाटू शकतं.

तपासणी दर सहा महिन्यांनी, आणि काही वर्षांनी एकदा आधाराच्या दातांचा एक्स-रे. खाजगीत खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, वेळ जातो, रांग असते, पण बाहेरच्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. जुने एक्स-रे आणि ब्रिज कधी, कशाचा केला त्याचा कागद सोबत न्या, नाहीतर पहिली चक्कर नुसत्या नवीन एक्स-रेतच जाते.