फार्महाऊसला बिनकाँट्रॅक्टचं वायफाय घेताय? आधी हे विचारून घ्या

नाशिकच्या आसपास गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, गिरणारे, त्र्यंबक रोड, इगतपुरी, जिकडे बघाल तिकडे आता वीकेंड होम झालीयेत, आणि प्रत्येकाचा प्लॅन तोच की महिन्याच्या रिचार्जवालं कनेक्शन घ्यायचं, आलो की चालू, गेलो की बंद. ऐकायला मस्त आहे, पण खर्च वेगळीकडेच लपलेला असतो.

आधी हिशोब करा. जाहिरातीत ५९९ दिसतं त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की झाले साधारण ७०७. महिन्यातले दोन वीकेंड म्हणजे चार दिवस राहिलात तर एका दिवसाला १७७ रुपये पडले, कारण व्हॅलिडिटी तुम्ही तिथे असा नसा, कॅलेंडरप्रमाणेच संपते. तीस दिवसांचं रिचार्ज मारून शनिवारी येऊन रविवारी घरी निघणार असाल तर ही बचत कसली ते मला तरी कळत नाही.

मग इन्स्टॉलेशन. बऱ्याच ठिकाणी ते फ्री असतं ते सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आधी भरले तरच, महिन्याच्या प्लॅनला वेगळे लावतात. म्हणजे काँट्रॅक्ट नाही म्हणायचं आणि वर्षभराचे पैसे घेऊन ठेवायचे, गोष्ट तीच ना. फायबर असेल तर ड्रॉप वायर, म्हणजे पोलपासून घरापर्यंतची वायर, किती मीटर फ्री आणि पुढे मीटरमागे किती, हे आधीच विचारा, कारण फार्महाऊस मेन रोडपासून आत असतं आणि पोल कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. पावसाळ्यात फांदी पडून वायर तुटली तर जॉइंट मारायला येणाऱ्याचे पैसे कोणाकडे, हेही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हा प्रश्न येणारच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिचार्ज केलं नाही तर काय होतं? किती दिवसांनी कनेक्शन कायमचं बंद करतात, राउटर परत नेतात का, डिपॉझिट कधी मिळतं, परत चालू करायला नवीन इन्स्टॉलेशन लागतं का? काही कंपन्या सेफ कस्टडी देतात म्हणजे कनेक्शन काही महिने झोपवून ठेवता येतं, त्याचा चार्ज असेल तर तोही विचारा. फोनवर सगळे हो हो म्हणतात, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आता कॅमेऱ्याचं. फार्महाऊस म्हणलं की सीसीटीव्ही आलाच, आणि वायफाय बंद केलं की मोबाईलवर दिसायचाही बंद. म्हणजे आलो की चालू गेलो की बंद हा प्लॅन तिथेच फसला, कारण कॅमेऱ्याची गरज तुम्ही नसतानाच असते. त्यात रेकॉर्डिंग सतत क्लाउडवर जात असेल तर २ एमबीपीएसच्या हिशोबाने दिवसाला २१-२२ जीबी, महिन्याला साडेसहाशे जीबी जातात. अनलिमिटेड लिहिलेल्या प्लॅनलाही बऱ्याचदा एफयूपी, म्हणजे फुल स्पीडच्या डेटाची मर्यादा असते, १ टीबीची असेल तर अर्ध्याहून जास्त कॅमेराच खाणार आणि पुढे स्पीड पडणार. रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर ठेवा आणि हालचाल झाली तरच अलर्ट, असं सेटिंग करा. नुसता कॅमेराच हवा असेल तर सिमवाला ४जी कॅमेरा बघा, वायफाय लागतच नाही.

एअरफायबर टाइपचं, म्हणजे वायर न ओढता टॉवरवरून मिळणारं ५जी कनेक्शन घेताना डेमो शनिवारी संध्याकाळी घ्या, मंगळवारी सकाळी नको. टॉवर सगळ्यांचा एकच, श्रावणात त्र्यंबकला गर्दी झाली की स्पीड उतरू शकते, आणि २०२६-२७ चा सिंहस्थ तर समोरच आहे.

लाइटचा खर्च किरकोळ आहे, १० वॅटचा राउटर महिनाभर चालू ठेवला तर सातएक युनिट. पण लाइट गेली की वायफाय पण गेलं, म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बजेटमध्ये धराच, फक्त राउटरच्या ॲडाप्टरवर व्होल्टेज वाचून मगच घ्या.

माझं मत विचाराल तर महिन्यातून दोन-चार दिवसच जात असाल तर मोबाईल हॉटस्पॉटच बरा, फक्त तिथे कोणत्या सिमला रेंज आहे ते घरात आत उभं राहून बघा, गच्चीवर नाही. वर्क फ्रॉम होम करत आठवडाभर राहत असाल किंवा पाहुण्यांना भाड्याने देत असाल तरच फायबर. आणि कधी बंद केलंत तर राउटर परत दिल्याची पावती घ्या, सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, नाहीतर डिपॉझिटसाठी फोन करत बसाल.