एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण पैसे कापले गेले

नाशिकच्या पंचवटीत, सीबीएस बसस्थानकाजवळ, कुठल्याही मशीनवर हे घडलं तरी तक्रार करायची ती कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेत. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरीही. स्लिप जपा. ती आली नसेल तर एसएमएस ठेवा आणि केबिनमधला एटीएम आयडी, वेळ, रक्कम टिपून घ्या. मशीनची नोंद आणि उरलेली रोकड यांचा मेळ याच तपशिलावरून घातला जातो. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे परत यायला हवेत. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता. प्रत्यक्षात कधी कधी पासबुकात मूळ रक्कमच दिसते, म्हणून भरपाई लेखी मागाच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी फोन १४४४८.